तावडेबाईंचं पान

तावडेबाईंचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याविषयी काही वाकडं लिहिलं तर ते कुठून आलंय हे कळेल, आणि चांगलं लिहिलं तर ते लिहिताना मला किती जड गेलं हेही कळेल.

त्या आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा पंचावन्न वर्षांच्या होत्या. ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. तिथे बहुतेक सगळे पंचविशीतले. शेहेचाळीस वर्षांचा मी त्यांच्यात आजोबा समजला जायचो, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडा मानही होता. इंग्रजी तपासून घ्यायला सगळे माझ्याकडे यायचे. एका सोमवारी सकाळी दारातून एक ठेंगण्या बाई आत आल्या. सुती साडी, पाठीला कॉलेजात नेतात तसली सॅक, पायात कॅनव्हासचे बूट. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं, कुणाची तरी आई डबा द्यायला आली. बाई म्हणाल्या, "डबा माझाच आहे. मी इथे नोकरीला आलेय."

आम्ही तिथे काय करतो ते सांगायला हवं, कारण माझ्या आईलाही ते अजून नीट कळलेलं नाही. हल्ली एजंट म्हणून एक प्रकार निघालाय. साधा प्रोग्राम आपण सांगू तेवढंच करतो. एजंटला नुसतं काम सांगायचं, पायऱ्या तो स्वतः ठरवतो. 'आलेल्या तक्रारींना उत्तरं दे' म्हटलं की तो मेल उघडतो, जुनी माहिती शोधतो, उत्तर लिहितो आणि मोकळीक दिली असेल तर पाठवूनही देतो. असे एजंट बनवणाऱ्या डेव्हलपरांना जे सामान लागतं, म्हणजे टूलकिट, ते आमची कंपनी बनवते. आणि ते टूलकिट कसं वापरायचं हे लिहिणारे आम्ही. आधी काय बसवायचं, कुठली ओळ कुठे लिहायची, अडलं तर काय करायचं. याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. ते सगळे वापरतात आणि कोणी लिहिलं हे कोणी विचारत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांतून हेच काम मी चौदा वर्षं करत आलोय.

मी विजयकर. गिरगावातलं आमचं घराणं जुनं. आजोबा सेक्रेटरिएटमध्ये हेडक्लार्क होते आणि गोऱ्या साहेबाच्या मसुद्यातल्या चुका काढायचे, ही गोष्ट आमच्याकडे अजून पाहुणे आले की सांगितली जाते. मी इंग्रजी साहित्यात एम. ए. तावडेबाई वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. वडील गिरणीत, नवराही गिरणीत. स्वतः लालबागला एका पहिल्या मजल्यावर बावीस वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवत होत्या. सर्टिफिकेटसाठी आलेले कारकून, गिरणी सुटल्यावर दुसरं काम शोधणारे कामगार, निवृत्त झालेल्या शिक्षिका, या सगळ्यांना त्यांनी माउस धरायला शिकवलेला. आमच्या मॅनेजरची, म्हणजे रोहनची आई तिथेच ईमेल करायला शिकली होती. क्लास बंद पडल्यावर त्या ओळखीतून बाई आमच्याकडे आल्या. वशिल्याने लागल्या, असं मी बरेच दिवस सांगत असे.

मास्तरकी त्यांनी सोडली नाही. ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, साहेबसुद्धा रोहनच. तावडेबाई सगळ्यांना आडनावाने हाक मारायच्या. "कुलकर्णी, पाणी पी." "शेख, तो स्क्रीन पूस आधी, किती मळलाय!" मला मात्र "अहो विजयकर". चार दिवसांत आख्खा मजला त्यांना ताई म्हणायला लागला. मी बाईच म्हणत राहिलो.

नव्या माणसाला आमच्याकडे पहिलं काम असतं ते हे की आमचंच पहिलं पान वाचून टूलकिट आपल्या लॅपटॉपवर बसवायचं. ते पान मी लिहिलेलं, माझं लाडकं. त्यातल्या एकेका वाक्यावर मी दुपारच्या दुपारी घालवलेल्या. तावडेबाईंनी पान उघडलं, डाव्या हाताचं बोट स्क्रीनवरच्या ओळीवर ठेवलं आणि उजव्या हाताने तिथे लिहिलंय तेवढंच केलं. अकरा वाजता त्या सातव्या पायरीला थांबल्या. जेवणाची वेळ झाली तरी बोट तिथेच. मी दोनदा मुद्दाम जवळून गेलो. शेवटी विचारलं, "काही अडलंय का?"

"इथे लिहिलंय, 'योग्य तो कोड योग्य जागी भरा'. योग्य कुठला?"

"तो तुम्हाला मेलवर आलेला असतो."

"तसं लिहिलेलं नाही."

"ते समजण्यासारखं आहे हो."

"मला नाही समजलं," त्या म्हणाल्या. आवाज जराही न उतरवता. नवव्या मजल्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "लिहून ठेवा विजयकर, सातव्या पायरीला तावडे अडली."

तेवढ्यात पलीकडून शेखने खुर्ची फिरवली. "ताई, मी पण तिथेच अडकलो होतो. दोन दिवस." मग कुलकर्णी म्हणाली, "मी तर कुणाचा तरी कोड ढापून टाकला." एकेक करून पाच जण निघाले. वर्षभर ही मंडळी माझ्यासमोर माना डोलवत होती. मी हसल्यासारखं केलं आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मला नाही समजलं. हे वाक्य मी आयुष्यात चारचौघांत म्हटलेलं नाही. आमच्या घरात ते म्हणायची पद्धतच नव्हती. नाही समजलं तर गप्प बसायचं, घरी येऊन पुस्तकात बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी आधीपासूनच माहीत असल्यासारखं बोलायचं. बाई ते वाक्य दिवसातून दहादा म्हणायच्या. रोहनला म्हणायच्या, अमेरिकेतून फोनवर असलेल्या साहेबालासुद्धा इंग्रजीत म्हणायच्या. त्याला ते तीनदा समजावून सांगावं लागलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना आपण बनवलेली गोष्ट चुकीची आहे हे त्याच्याच लक्षात आलं. बाईंनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. माझी त्या दिवशी भूक गेली.

त्यांची लिहायची पद्धत अजब होती. आधी काही लिहायच्याच नाहीत. शेजारच्या खुर्चीकडे तोंड करून पुटपुटायच्या, तेही मालवणीत. "आता ह्या बटन दाब. दाबलंस? आता गप रव. काय इला?" खुर्ची रिकामी असायची. असं तीन-चारदा झालं की तेच इंग्रजीत उतरवायच्या. त्यांचं इंग्रजी साधं, चार-पाच शब्दांच्या पलीकडे वाक्य जात नसे. सुरुवातीला मी त्यावर लाल शाईने बरंच काही सुचवत असे. मग एकदा घरी माझ्या बायकोने सहज त्यांचं एक पान वाचलं आणि म्हणाली, "कोणीतरी बाजूला बसून सांगतंय असं वाटतं रे." माझी पानं तिने कधी दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचली नव्हती.

आणि प्रत्येक पायरी त्याच दिवशी स्वतः करून बघितल्याशिवाय त्या लिहीत नसत. मी एकदा म्हटलं, "बाई, काल केलं होतं की मी हे. चालतंय." त्या म्हणाल्या, "काल चालत होतं. काल तर गिरणी पण चालत होती." आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू. सगळ्यात वाईट म्हणजे त्या दिवशी ते खरंच चालत नव्हतं. रात्रीतून कुणीतरी काहीतरी बदललं होतं.

पान लिहून झालं की परीक्षा. ज्याला त्यातलं काहीही कळत नाही असा माणूस त्या शोधून आणायच्या. अकाउंट्समधल्या डिसोझा मॅडम, कँटीनचे शेट्टी, एकदा तर एसी दुरुस्तीला आलेला माणूस. त्याला लॅपटॉपसमोर बसवायचं, पान उघडून द्यायचं आणि म्हणायचं, "जसं लिहिलंय तसं करा. चुकलात तर चूक माझी." मग पर्समधून खडीसाखरेचा खडा काढून तोंडात टाकायच्या. तो विरघळेपर्यंत बोलायचं नाही, हा नियम. समोरचा माणूस अडला, चुकीच्या जागी गेला, घामाघूम झाला तरी बाई गप्प. नुसत्या बघत राहायच्या आणि तो जिथे थांबला तिथे वहीत एक टिंब. मला म्हणाल्या, "क्लासमध्ये शिकले हे. आपण लगेच सांगितलं की त्याला वाटतं त्याला आलं. आणि आपल्याला वाटतं आपल्याला शिकवता येतं."

मी हे घरी करून पाहिलं. माझं पान बायकोसमोर ठेवलं, खडीसाखर तोंडात टाकली. ती तिसऱ्या ओळीला थांबली आणि मी खडा कडाकडा चावून तिला सांगायला सुरुवात केली.

पत्रं यायला लागली ती दुसऱ्या वर्षी. आमच्या प्रत्येक पानाच्या तळाला लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि वाचणाऱ्याला काही कळवायचं असेल तर जागा असते. तिथे लोक शिव्या घालतात, ते ठीकच. पण बाईंच्या पानांखाली लोक आभार मानायला लागले. नाशिकच्या एका डेव्हलपरने लिहिलं, तीन दिवस डोकं धरून बसलो होतो, तुमच्या पानाने अर्ध्या तासात सोडवलं. कुठल्याशा परदेशातल्या मुलीने लिहिलं, मी आईला हे वाचून दाखवलं आणि तिलाही माझं काम पहिल्यांदा कळलं. बाई ती पत्रं मोठ्याने वाचायच्या, खूश व्हायच्या आणि कामाला लागायच्या. मला इतक्या वर्षांत असं एकही पत्र आलेलं नव्हतं. मी हे कुणाला बोललो नाही, पण सकाळी आल्याआल्या आधी त्यांच्या पानांखाली बघायची मला सवय लागली.

एका शुक्रवारी रोहनला कल्पना सुचली की डॉक्युमेंटेशन मशीनकडूनच लिहून घेतलं तर? त्याने गंमत म्हणून एकाच विषयावरची तीन पानं छापून आणली. एक माझं, एक बाईंचं, एक मशीनचं. नावं काढून टाकलेली. सगळ्यांनी ओळखायचं. बाईंचं पान सगळ्यांनी पहिल्या ओळीतच ओळखलं. राहिली दोन. कुलकर्णीने त्यातलं एक उचललं आणि म्हणाली, "हे मशीनचं. एक चूक नाही, आणि वाचून काय कळत पण नाही." सगळे हसले. ते माझं होतं.

मीही हसलो. तावडेबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पान हातात घेऊन म्हणाल्या, "नाही गं. हे विजयकरांचं. बघ, तिसऱ्या ओळीत वाचणाऱ्याची क्षमा मागितली आहे. मशीन कशाला मागेल?" त्यांनी माझी बाजू घेतली होती. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला तितका कुणाचाच आला नसेल.

त्याच सुमारास रोहनने सांगितलं की डॉक्युमेंटेशनला आता एक लीड हवा आणि वर्षाअखेर तो आमच्या दोघांतून निवडला जाईल. मी त्या खुर्चीची सहा वर्षं वाट पाहत होतो. बाईंना तिचं फारसं काही नव्हतं. "मला काय, अडीच वर्षांत रिटायर," म्हणाल्या. पण मजल्यावर विचारलं असतं तर सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं असतं, आणि हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग ते पान आलं. एजंटला आपल्या वतीने पत्रं पाठवू द्यायची कशी, याचं. यात धोका असा की एजंटला सूट दिली की तो भराभर पाठवत सुटतो. म्हणून टूलकिटमध्ये मंजुरीची एक सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक पत्र आधी माणसाला दाखवलं जातं, त्याने हो म्हटल्यावरच बाहेर जातं. तावडेबाईंनी पानात एक वाक्य लिहिलं होतं: आधी मंजुरी चालू करा. आणि तेच वाक्य तीनदा. एकदा वर, एकदा मध्ये, एकदा पाठवण्याच्या पायरीच्या अगदी आधी.

पान तपासायला माझ्याकडे आलं. आमच्या लेखनाचे नियम मीच केलेले, आणि त्यात होतं की एका पानावर तीच गोष्ट दोनदा सांगू नये. मी म्हटलं, "वर एकदा सांगितलंय ना बाई?"

"वर कोण वाचतो? माणूस अडला की शोधत शोधत येतो आणि थेट मधल्या पायरीवर पडतो. आणि हल्ली तर माणूस पण येत नाही. त्याचं मशीन येतं, हवा तेवढा तुकडा उचलतं आणि जातं. त्या तुकड्यात हे वाक्य पाहिजे."

"दिसायला बरं नाही दिसत."

"नसेल दिसत," त्या म्हणाल्या. "राहू दे तीनदा."

रोहनने त्यांचं ऐकलं. पान तसंच गेलं.

पुढच्या महिन्यात बाई आठ दिवस गावी गेल्या, मालवणकडे, देवीच्या जत्रेला. मंगळवारी दुपारी जेवून आल्यावर मी ते पान उघडलं. त्यात काही चुकलंय का बघावं म्हणून उघडलं होतं. काही चुकलं नव्हतं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. एकही शब्द इकडचा तिकडे करावा असं वाटेना. मग मी मधलं आणि शेवटचं, अशी ती दोन वाक्यं काढून टाकली आणि पान पुन्हा चढवलं. नियमाप्रमाणेच आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की त्या पानावरून माझा हात कुठेतरी फिरायला हवा होता.

बाई यायच्या आदल्या दिवशी गोंधळ झाला. दादर-परळकडच्या लग्नाच्या हॉलांचं बुकिंग सांभाळणारी एक कंपनी आमचं टूलकिट वापरत होती. तिथल्या एका नव्या डेव्हलपरने एजंट बनवला आणि सरावासाठी एक पत्र लिहायला सांगितलं. सगळ्यात अवघड पत्र घेऊन बघू म्हणून त्याने विषय दिला, 'आपली तारीख रद्द झाली आहे'. तो आमच्या पानावर थेट मधल्या पायरीला येऊन पडला होता. मंजुरीचं वाक्य त्याने पाहिलंच नाही. एजंटने अतिशय नम्र भाषेत पत्र लिहिलं आणि ज्यांचं ज्यांचं बुकिंग होतं त्या सगळ्या घरांना पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापलेल्या पत्रिका हातात घेऊन लोक हॉलांवर धडकले. एका ठिकाणी मुलीकडचे आणि मुलाकडचे एकत्र भांडायला आले, लग्नाआधीच त्यांची एकी झाली असं शेख म्हणाला. लग्न कुणाचं मोडलं नाही. पण एका आजीला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि त्या कंपनीने आमच्याकडे जाब मागितला.

त्याच सकाळी रोहनने सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. तावडेबाई गाडीतून उतरून थेट आल्या होत्या. टेबलावर त्यांनी जत्रेतल्या खाज्याची पुडी ठेवली होती, ती कुणी उघडली नव्हती. रोहन म्हणाला, "पान कोणाचं आहे?"

"माझं," बाई म्हणाल्या. "बघू दे मला."

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला. पान वरून खाली वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी बदलांची यादी उघडली. आमच्याकडे प्रत्येक पानाला ती असते, कोणी कधी काय बदललं ते नावासकट त्यात दिसतं, आणि सहसा ती कोणी उघडत नाही. स्क्रीन त्यांच्याकडे तोंड करून होता. त्यात काय दिसतंय हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पर्स उघडली आणि खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला.

प्रवासाने थकल्या असतील असं बाकीच्यांना वाटलं असेल. मला कळलं. अडलेल्या माणसासमोर त्या जशा थांबायच्या तशा त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. रोहन पेन टेबलावर आपटत होता. मी खाज्याच्या पुडीकडे बघत होतो. ती वाक्यं मी काढली. चार शब्द. ते माझ्या जिभेवर होते, खोटं नाही सांगत. पण ती खुर्ची डोळ्यांसमोर आली, कुलकर्णीचं ते हसणं आठवलं, आणि मी पुडीवर छापलेलं दुकानाचं नाव पुन्हा वाचलं.

खडा संपला असावा. बाईंनी आवंढा गिळला. "वाक्य एकाच जागी राहिलंय," त्या म्हणाल्या. "तीन जागी पाहिजे. पान माझं आहे, आजच करते."

"पण वर लिहिलेलं होतं ना?" रोहन म्हणाला. "म्हणजे त्या मुलाने नीट वाचलं नाही. आपण तसं कळवू." आणि तसं कळवलं.

वर्षाअखेर मी लीड झालो. बाईंचं काम उत्तम आहे, पण त्या प्रकरणानंतर वरच्यांना जरा भरवशाचा माणूस हवाय, असं रोहन मला एकट्याला बोलावून म्हणाला. बाईंनी सगळ्यांसमोर हात मिळवला. "अभिनंदन विजयकर. पेढे कुठेत?" त्यानंतरची दीड-दोन वर्षं त्यांनी माझ्या हाताखाली काम केलं. एक वाकडा शब्द नाही, एक टोमणा नाही. मी वाट बघायचो. त्यांनी एकदा तरी टोचून बोलावं, म्हणजे मलाही दोन शब्द सुनावता येतील आणि हिशेब मिटेल. त्यांनी ती संधी दिली नाही. लिहिणं तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतंच, गप्प राहणंही जमत होतं. मी त्यावरही जळलो.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मजल्यावरचे अर्धे लोक रडले. मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात.

आमच्याकडे पद्धत अशी की माणूस नोकरी सोडून गेला की त्याची पानं आपोआप लीडच्या नावावर चढतात. आठ दिवसांत तावडेबाईंची सगळी पानं माझ्या नावावर आली. मंजुरीचंही. आणि मग पत्रं मला यायला लागली. पहिलं पत्र सांगलीच्या एका मुलाचं. सर, तुमचं पान वाचताना कोणीतरी बाजूला बसलंय असं वाटलं. मी ते कितीतरी वेळा वाचलं. मग उत्तर लिहिलं, 'धन्यवाद, असेच कळवत राहा.' दुसऱ्यालाही लिहिलं. तिसऱ्याच्या वेळी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि तशीच उचलली. ते पत्र मी छापून घेतलं आणि रविवारी वरळीला गेलो.

तावडेबाई आता चाळीत राहत नाहीत, तिथेच झालेल्या नव्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. दार उघडून म्हणाल्या, "अरे वा, विजयकर! या. बांगडे आहेत, जेवून जा." मी नको म्हटलं. पत्र दिलं. त्यांनी ते लांब धरून वाचलं, चष्मा शोधून पुन्हा वाचलं, आणि खूश झाल्या. "कुठल्या पानाचं हो?"

"मंजुरीच्या," मी म्हटलं. आणि मग म्हणालो, "बाई, ती दोन वाक्यं मी काढली होती."

"माहीत आहे. नाव होतं ना तिथे. मंगळवार, दुपारचे तीन."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मला वाटलं जेवणाच्या सुट्टीत तरी सांगाल." त्यांनी पत्राची घडी घातली. "कशाला काढलीत?"

"तुमच्यावर जळत होतो."

त्या हसतील, किंवा जाऊ दे म्हणतील, असं मला वाटलं होतं. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी गिरगावातून तिथवर गेलो होतो. त्या हसल्या नाहीत.

"पण हे मला सांगून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा ना. रोहनला सांगा. आणि त्या हॉलवाल्या कंपनीतल्या मुलाला. त्याला अजून वाटत असेल, आपण नीट वाचलं नाही."

मी उठलो. त्या लिफ्टपर्यंत आल्या, हातांत पत्र आणि चष्मा होता म्हणून कोपराने बटण दाबलं. गॅलरीतून समोरची अजून न पाडलेली एक चाळ दिसत होती, तिच्या कठड्यावर कपडे वाळत होते. लिफ्ट आली. "उद्या ऑफिस आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग उद्याच," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी रोहन रजेवर होता. त्यानंतर रोज असतो, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसतो. त्याला सगळं सविस्तर लिहूनच द्यावं, तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं, असं मी ठरवलं आणि हे लिहायला घेतलं. रोहनचं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी बोलतो छान, पण वाचता येत नाही. हे सगळं मी मराठीत लिहिलंय.